नजर बाहेर, हात आत

नरपड, ४ जानेवारी २०२६

उन्नती,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस आणि तुझ्या आईच्या फोनवरून चोरून बोलणं मला जमणार नाही, म्हणून कागद घेतला. पाकीट न फोडता परत पाठवायचं असेल तर खुशाल पाठव. फक्त पिनकोड नीट घाल. मागे राखीच्या वेळी चुकवला होतास.

तब्येत विचारत नाही. मनगटाचं प्लास्टर सोमवारी निघालं, बोटं अजून आखडतात, हे मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं आहे. मी बाहेर ओट्यावर बसलो असलो की तुझी आई मुद्दाम मोठ्याने बोलते.

तू माझ्याशी बोलत नाहीस, कारण मी तुझ्या विमान शिकवणाऱ्या शाळेत चौदा पानांची तक्रार दिली. ती का दिली ते एकदा सरळ वाच. तिथल्या कुणी वाचलेली नाही, नुसती चाळली आहे.

९ डिसेंबर. सकाळी दहा बेचाळीस. पेपरवाल्याने 'सुमारे अकरा' छापलं, ते चूक. तू एकटी उडत होतीस. दुसरं विमान उतरायचं होतं म्हणून त्यांनी तुला तलासरीच्या बाजूला घिरट्या घालायला लावल्या, आणि त्या गडबडीत अर्ध्या तासाने टाकी बदलायची ती राहिली. डावी टाकी कोरडी पडली. इंजिन बंद. उजव्या पंखात एकसष्ट लिटर इंधन होतं. एवढं इंधन सोबत घेऊन माझी मुलगी कापलेल्या भाताच्या शेतात उतरली, पुढचं चाक बांधाला लागून तुटलं, आणि मनगट मोडलं.

उतरवलंस मात्र अचूक. वेग धरलास, वाऱ्याच्या तोंडावर गेलीस, विजेच्या तारा उजवीकडे ठेवल्यास, टेकायच्या आधी दार उघडून ठेवलंस म्हणजे अडकायला नको. यातलं प्रत्येक पाऊल तुझ्या कॅप्टनने शिकवण्याआधी तुला येत होतं. कुठे शिकलीस, हे मी सांगायला नको.

डहाणूच्या हॉस्पिटलात मी पोचलो तेव्हा तू पहिलं वाक्य बोललीस, "पप्पा, दांडा उजवीकडेच होता." दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मी तिथल्या तिथे औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून ठेवलं.

आता सांग. टाकी निवडायचा दांडा दोन आसनांच्या मध्ये, खाली. तू हात घातलास, दांडा उजवीकडे लागला. म्हणजे उजवी टाकी चालू. उजवी भरलेली. तरी इंजिन उपाशी. अठ्ठावीस वर्षं डहाणूच्या खाडीत बोटींची इंजिनं उघडतो आहे मी. याचा अर्थ एकच निघतो, दांडा उलटा बसवलेला होता. तो साफ करायला कुणी काढला होता हे त्यांच्याच वहीत सहीसकट आहे. दिपक वरठा, त्यांचा मेकॅनिक, आशागडचा. अपघातात दांड्याची खीळ तुटली आणि तो निखळला, त्यामुळे आधी कसा होता हे आता कुणालाच पाहून सांगता येत नाही. मग तुझं वाक्य हाच पुरावा. तो मी दिला.

त्यांनी दिपकला कामावरून थांबवलं. ते त्यांनी केलं, मी केलं नाही.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तू आणखी काही बोललीस. ते मी लिहून घेतलेलं नाही. धक्क्यात माणूस काहीही बोलतं.

तुझा बाप,
नरोत्तम

नरपड, १७ जानेवारी २०२६

उन्नती,

उत्तर नाही. पाकीट परतही आलं नाही. म्हणजे वाचलंस.

तुझी आई म्हणते तुला एकच हवंय, मी तक्रार मागे घ्यावी. "ती म्हणते पप्पांना सगळं माहीत आहे." काय माहीत आहे? मला माहीत आहे ते हे, की तक्रार मागे घेतली तर चूक तुझ्या नावावर चढेल. परवाना मिळायच्या आधीच रेकॉर्डवर 'वैमानिकाची चूक'. कुठली कंपनी घेईल तुला? बापाने तुझ्यासाठी अंगावर घेतलं तर तू बापालाच बंद केलंस.

तुझ्या शाळेत मी तक्रार द्यायला गेलो त्या दिवसाचं तुला कुणी सांगितलं असेलच. तुझा कॅप्टन खुर्चीतून न उठता म्हणाला, "काका, आपण कुठल्या विमानावर होतात?" मी म्हटलं, बोटीवर. मागे दोन पोरं हसली. मी दहावी नापास माणूस, रद्दीतून विमानांची पुस्तकं आणून, शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेक ओळ मराठीत उतरवली. 'इंजिन बंद पडल्यावर' ही वही त्याने बघावी. आधी उडव, मग वळव, मग बोल. त्याच्या इंग्रजीत हेच तीन शब्द आहेत, पण माझी मुलगी ते बाराव्या वर्षापासून म्हणत होती.

काल बुधीबाई आली होती. दिपकची आई. आशागडहून रिक्षाने आणि पुढे चालत. मी शेडमध्ये गिअरबॉक्स खोलून बसलो होतो. दारात उभी राहिली. त्यांच्याकडे सगळ्यांना तूच म्हणतात, तशी सरळ म्हणाली, "तू लिवलास का माझ्या पोराचा कागद?"

मी म्हटलं, "बसा. मी लिहिला."

"तो म्हनतो मी बराबर बसवला. मी म्हनला बराबर बसवला तर घरात कशाला बसलास? तर म्हनतो नरपडच्या काकानं लिवलाय. वर विमान वाजला का बाहेर येतो, बघतो, परत आत जातो. बायकोशी बोलत नाय. तू काय लिवलास ते मला सांग."

मी तिला नीट समजावलं. खडूने फरशीवर काढून दाखवलं, दोन टाक्या, मध्ये दांडा. म्हटलं, "बाई, तुमच्या मुलावर माझा राग नाही. हा यंत्राचा प्रश्न आहे."

ती फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यंत्र बसलाय का घरात?"

आणि निघून गेली. तुझी आई आतून धावत आली. "अहो, एवढ्या लांबून आली होती, पाणी तरी विचारायचंत! चित्रं काय काढत बसलात?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही शिकवलंत ना तिला तसं, मग सांगून का टाकत नाही?"

मी काय शिकवलं ते मला ठाऊक आहे. तू शेडच्या कोपऱ्यात मी बनवलेल्या प्लायवूडच्या विमानात बसायचीस, डोळ्यांवर आईची ओढणी. मी ओरडायचो, "इंजिन गेलं!" आणि स्टॉपवॉच दाबायचो. सगळ्या कळा हाताने शोधून, तोंडाने म्हणून, अकरा सेकंदांत. नजर बाहेर, हात आत. नजरेने जागा शोधायची, हाताने विमान चालवायचं. हे पुस्तकात नाही, हे माझं आहे. 'सागरकन्या'च्या इंजिनखोलीत आग लागली तेव्हा धुरात नाकाचं टोक दिसत नव्हतं. मी इंधनाचा कॉक हाताने शोधून बंद केला. सहा माणसं होती बोटीवर. सहाही जण आजही बाजारात भेटतात.

त्या शिकवण्यात चूक कुठे आहे ते दाखव.

तुझा बाप,
नरोत्तम

नरपड, २९ जानेवारी २०२६

उन्नती,

चौकशीचे तीन साहेब १२ फेब्रुवारीला तुझ्या शाळेत बसणार आहेत. मला बोलावलं आहे. पत्रात 'तक्रारदार' असं लिहिलंय आणि नावाचं 'नरोत्तमदास' करून टाकलंय. मी दुरुस्ती कळवली.

तयारी म्हणून मंगळवारी तलासरीला जाऊन आलो. शेत मोजलं. तू पहिल्यांदा टेकलीस तिथपासून बांधापर्यंत एकशे छत्तीस पावलं. माझं पाऊल अडीच फुटाचं. आणखी वीस पावलं मिळाली असती तर चाकही वाचलं असतं. उतरण्यात तुझी चूक नाही हे मी शपथेवर सांगीन.

शेत ज्यांचं त्या घरातली काळी नावाची बाई भेटली. तिनेच तुला ओढून बाहेर काढलं. तिचा नवरा रघ्या मला बघून आधी घाबरला, त्याला वाटलं मी नुकसानीच्या पंचनाम्याला आलोय आणि त्याच्या बांधाचा दोष काढणार. मी म्हटलं मी पोरीचा बाप. मग खाट टाकली.

काळीला मी विचारलं, तिला बाहेर काढल्यावर ती काय म्हणाली? पुराव्यासाठी विचारलं. मला वाटलं, दांडा उजवीकडे होता असंच काहीतरी सांगेल.

काळी म्हणाली, "बोलत नव्हती. बांधावर बसवली तिला. मोडलेला हात मांडीवर, आन दुसऱ्या हातानं असं असं करत होती." तिने डोळे मिटले, हात खाली नेला, काहीतरी पकडल्यासारखं केलं, वर आणला, परत खाली नेला. "मी म्हनले, बाय, काय शोधतेस? पडलं का काय तुझं? तर ऐकतच नाय. डोळे मिटून तेच तेच. मी हात धरून ठेवला तिचा, तवा थांबली."

रघ्या म्हणाला, "आम्हाला वाटलं देव आला अंगात."

मी त्यांचा चहा घेतला नाही. बस चुकेल म्हटलं. बसला दीड तास होता.

तू काय करत होतीस ते मला त्या बाईच्या हातावरूनच कळलं. पंप, मिक्स्चर, चाव्या, दांडा. क्रम माझा आहे. तुझ्या शाळेच्या आणीबाणीच्या कार्डावर दांडा पहिला येतो, मी तो चौथा ठेवला होता, कारण हात वरून खाली आणणं सोपं जातं. पाचशे वेळा तरी आपण ते केलं असेल.

काही लिहायचं होतं ते राहिलं. १२ तारखेनंतर लिहीन.

नरोत्तम

नरपड, १२ फेब्रुवारी २०२६

उन्नती,

तू बाहेरच्या बाकावर बसली होतीस. निळा ड्रेस. मी आत गेलो तेव्हा तू मोबाइलमध्ये बघत होतीस, बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. आत काय झालं ते तुला इतरांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घरी पोचल्या पोचल्या लिहायला बसलो. शर्टसुद्धा बदललेला नाही.

तीन साहेब. मध्ये एक बाई होत्या, पांढरे केस, स्वच्छ मराठी. बाजूला तुझा कॅप्टन, आणि भिंतीला टेकून दिपक उभा. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी डिसेंबरात गेलो होतो तेव्हा यानेच मला खुर्ची आणून दिली होती. हे मी तक्रारीत लिहिलेलं नाही. तिथे त्याची गरज नव्हती.

बाईंनी माझी चौदा पानं खरंच वाचली होती. खुणा केल्या होत्या. म्हणाल्या, "पागधरे, आकृत्या सुंदर आहेत. प्रश्न एकच आहे. दांडा उजवीकडे हाताला लागला म्हणजे उजवी टाकी चालू, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"म्हणजे दुसरं काय असणार?"

"दाखवाल?"

त्यांनी खोक्यातून एक तसाच दांडा काढला, खालच्या तबकडीसकट, आणि टेबलावर पक्का बसवला. बाई म्हणाल्या बघून सांगा. मी म्हटलं, "बघून कशाला? माझ्या मुलीने बघून केलं नाही. मीही बघणार नाही." आणि खिशातला रुमाल काढून स्वतःच डोळ्यांवर बांधला. कॅप्टनच्या खुर्चीचा आवाज आला. मला वाटलं, हस बाबा, आता बघ.

त्यांनी दांडा कुठेतरी फिरवला. मी हात नेला. लांब, गार, हातात नीट बसणारा. उजवीकडे. मी म्हटलं, "उजवी टाकी."

मी रुमाल सोडला.

दांड्याच्या मागच्या अंगाला एक आखूड टोक होतं, बाणासारखं, अर्ध्या बोटाएवढं. ते डावीकडे होतं. तबकडीवर त्याच्यासमोर 'डावी'.

मी ओरडलो. आता लाज वाटते, पण ओरडलो. "हाही उलटा बसवलाय! बघा, ह्याने दुसराही तसाच बसवलाय!"

बाजूचे साहेब म्हणाले, "हा नवा आहे. कारखान्याचं सील आम्ही आज सकाळी तुमच्या आधी फोडलं. याला दिपकने हात लावलेला नाही."

आणि दिपक भिंतीपासून बोलला. मोठ्याने नाही. "काका, टोक दाखवतं. लांब बाजू नुसती धरायला आहे."

एवढंच. त्याने ते शिकवल्यासारखं म्हटलं नाही, चिडूनही नाही. एखाद्याला बस पुढच्या थांब्यावर लागते असं सांगावं तसं.

उन्नती, तू हे मला हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी सांगितलं होतंस. हेच. "पप्पा, लांब बाजू उजवीकडे होती म्हणजे बाण डावीकडे होता. मी हातानेच केलं, बघितलंच नाही." मी म्हटलं होतं, तू गप्प राहा, हे कुणाला बोलू नकोस. आणि औषधाच्या चिठ्ठीमागे त्याखाली जागा असूनही ते लिहिलं नाही.

आपल्या बोटींवर दोन टाक्यांचा जो कॉक असतो, त्याचा लांब दांडा ज्या टाकीकडे, ती टाकी चालू. सगळ्या खाडीत तसंच आहे, चिंचणीला तसंच, झाईला तसंच. मी प्लायवूडच्या विमानात बोटीचा जुना कॉक बसवला होता. पुस्तकातल्या फोटोत दांडा वरून दिसायचा, काळा, तीन सेंटिमीटरचा फोटो. मला वाटलं, दांडा तो दांडा. मी आयुष्यात खऱ्या विमानात कधी बसलो नाही. हे तुला माहीत होतं. मला मात्र ते कधी एवढं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

रोज तू डोळ्यांनी बघून फिरवत होतीस, तेव्हा कधी चुकलीस नाहीस. इंजिन गेलं आणि हाताला जे पाचशे वेळा शिकवलं होतं ते हाताने केलं. लांब बाजू उजवीकडे, म्हणजे ठीक आहे, पुढे. नजर बाहेर होती. जागा शोधत होतीस. मी सांगितलं होतं तशी.

पण जे तुला कळवायचंय ते हे नाही.

बाईंनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मुलीच्या जबाबात आहे की तिने न बघता, हाताने ओळखायचा प्रयत्न केला. आमच्या माहितीत इथे असं शिकवत नाहीत. कॅप्टन?"

कॅप्टन म्हणाला, "बघायचं, बोट लावायचं, मोठ्याने म्हणायचं. बघितल्याशिवाय हात नाही. पहिल्या दिवसापासून."

"मग हे तिला शिकवलं कुणी? तिला विचारलं तर ती उत्तर देत नाही. पागधरे, तुम्हाला काही कल्पना?"

दिपक माझ्याकडे बघत होता. त्याला काही माहीत असण्याचं कारण नाही. तो फक्त बघत होता.

मी म्हटलं, "शाळेतच शिकली असेल. घरी कोण शिकवणार?"

हे मी म्हटलं. शब्द असेच. त्यांनी लिहून घेतले.

मग म्हटलं, माझी तब्येत ठीक वाटत नाही, मला पुढची तारीख द्या. मिळाली. २६ फेब्रुवारी. बाई दिपकला म्हणाल्या, "तोपर्यंत तुम्हाला थांबावं लागेल, नाइलाज आहे." तो "हो मॅडम" म्हणाला आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

नरोत्तम

नरपड, १६ फेब्रुवारी २०२६

उन्नती,

तू मला काही विचारलं नाहीस, तुझ्या आईलाही नाही. तिला मात्र राहवलं नाही. मी तुला लिहिलेलं पत्र पाकिटात घालत होतो तेव्हा तिने ते ओढून घेतलं, उभ्याने वाचलं. मला वाटलं भांडेल. म्हणाली, "मुलीला लिहिलंत, ते बरं केलंत. पण मुलगी काही चौकशीला बसलेली नाही. तिला तर आधीपासूनच माहीत होतं."

आणि पोळ्या लाटायला गेली. चार दिवस मला वाढते आहे, पण समोर बसत नाही.

या चार दिवसांत मी सगळे मार्ग तपासून पाहिले. माझी सवयच तशी. तू मुद्दाम माझं नाव लपवलंस, म्हणजे तुझीही मर्जी आहे, असं मनाला सांगून पाहिलं. ते टिकलं नाही. तू लपवलंस, कारण ते मी बोलावं अशी तुझी इच्छा होती. कंपनीने तो दांडाच असा का बनवला, तक्रार त्यांच्यावर फिरवू, असंही वाटलं. मुद्दा म्हणून खराही आहे. पण दिपक घरात बसून असताना काढायचा तो मुद्दा नाही. शेवटचा मार्ग असा की काही करायचंच नाही. २६ला जायचं नाही. खीळ तुटलेली आहे, काहीच सिद्ध होत नाही, प्रकरण असंच लोंबकळत राहील. तुझ्या रेकॉर्डवर काही नाही, माझ्या नावावर काही नाही.

या शेवटच्या मार्गावर मी दोन दिवस होतो. तुला खोटं कशाला सांगू?

काल शेडमध्ये जाऊन प्लायवूडच्या विमानात बसलो. तुझ्या जागेवर. मला गुडघे मावत नाहीत. हात खाली नेला. अठ्ठावीस वर्षांचा हात, बरोब्बर कॉकवर गेला. आणि मला कळलं की मी आजही, सगळं कळल्यानंतरही, तसंच करीन. माझ्या हातातून ते आता जाणार नाही. तुझ्या हातातून जाईल का, मला माहीत नाही. तुझी आई म्हणते तुला पुन्हा दहा तास शिक्षकासोबत उडावं लागेल, मग परीक्षा. तुला चालणार आहे म्हणे. "ती म्हणते, चूक माझ्या हातून झाली, ती माझ्या नावावर राहू दे."

जबाब लिहिला. दीड पान. आकृती नाही.

नरोत्तम

नरपड, १८ फेब्रुवारी २०२६

उन्नती,

२६ पर्यंत थांबलो नाही. आज सकाळी जबाब घेऊन आधी आशागडला गेलो. तुझ्या शाळेत देण्याआधी ज्याच्याविषयी आहे त्याने वाचावा, एवढं मला कळतं.

बुधीबाई अंगणात होती. मला बघून आत हाक मारली, "दिपक, तुझा कागदवाला आला." बस म्हणाली नाही. बरोबर केलं.

दिपक बाहेर आला. त्याच्या कडेवर वर्षाची मुलगी. मी कागद दिला. त्याने मुलगी आईकडे दिली, पायरीवर बसून दोनदा वाचला. पहिल्यांदा भराभर, दुसऱ्यांदा बोट ठेवून. मला वाटलं काहीतरी बोलेल. ऐकायची तयारी करून गेलो होतो. म्हणाला, "काका, इथे तुम्ही लिहिलंय की मी दांडा अपघाताच्या एकवीस दिवस आधी काढला होता. सव्वीस. १३ नोव्हेंबर. वहीत बघा."

मी म्हटलं, "वहीत मी १८ वाचलं होतं."

"तो आकडा तीन आहे. माझा तीन तसाच येतो."

मी पेन काढलं. एकवीस खोडून सव्वीस केलं, बाजूला सही केली. म्हटलं, "आणखी काही चूक?"

"नाय. बाकी बरोबर आहे." मग म्हणाला, "उन्नती चांगली उडवते. मी खालून बघितलंय." आणि कागद परत दिला.

बुधीबाई म्हणाली, "झाला का? आता जा."

दुपारी तुझ्या शाळेत पोचलो. तुझा कॅप्टन नव्हता, त्याचं मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. ऑफिसातली मुलगी, दक्षा नाव आहे तिचं, म्हणाली, जबाब असा साध्या कागदावर चालणार नाही, त्याच्यावर हा फॉर्म लावा. मी टेबलाशी उभा राहून भरला. घटनेचा दिनांक. घटनेची वेळ, दहा बेचाळीस. विद्यार्थ्याचं नाव, तुझं. प्रक्रिया कोणत्या पद्धतीने शिकवली. मी लिहिलं, डोळे बांधून, चुकीच्या दांड्यावर, पाचशेच्या वर वेळा. जागा पुरली नाही, समासात लिहिलं.

त्याच्या खाली रकाना होता, शिकवणाऱ्याचं पूर्ण नाव. तिथे मी माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात. पुढचा रकाना, परवाना क्रमांक. दक्षा म्हणाली, "काका, कुठलाच रकाना कोरा सोडू नका, ते परत पाठवतात."

मी तिथे आडवी रेघ मारली.

नरोत्तम